आकडा कुणी वाचला?

(रुआबांधा, भिलाई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं, असं मला संयोजकांनी कळवलं आणि विषयाची मोकळीक दिली. मी रोज जे शिकवते तेच आज घेऊन आले आहे. विद्यापीठातल्या मुलांना हवामानाची उपकरणं आणि मोजमाप ऑनलाइन पाठांतून शिकवता येतं का? येत असेल तर किती? आणि जिथे पडदा तोकडा पडतो तिथे शिक्षकानं काय करायचं?

हा विषय भिलाईत मांडायला मला बरं वाटतं. ४ फेब्रुवारी १९५९ ला इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून हे गाव मोजण्यावर जगत आलं आहे. प्लांटमध्ये उभी हयात काढलेली कितीतरी माणसं माझ्यासमोर बसली आहेत. चौदा-पंधराशे अंशांचा लोखंडाचा रस कुणी अंदाजानं जोखत नाही. जाड कागदी नळीच्या टोकाला बसवलेलं थर्मोकपल रसात बुडवायचं, आणि ते जळून जायच्या आत, काही सेकंदांत, आकडा घ्यायचा. मीटरचं कॅलिब्रेशन कधी झालं, कुणी केलं, कागदावर सही कुणाची, हे विचारल्याशिवाय तुम्ही तो आकडा मानत नव्हता. बरोबर ना? मग मला सांगा, बातम्यांत ‘आज पारा इतक्या अंशांवर’ असं ऐकताना यातला एक तरी प्रश्न आपल्या मनात येतो का?

येत नाही. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलांच्याही मनात येत नाही. आणि माझ्या मते हवामानाच्या मोजमापाचं शिक्षण तिथूनच सुरू व्हायला हवं. उपकरणाचं नाव, त्याचा शोधक, त्याची आकृती हे सगळं नंतर. आधी हा प्रश्न: हा आकडा कुणी वाचला, कशानं वाचला, कुठे उभं राहून वाचला?

उदाहरणासाठी लांब जायला नको. नागपूरलाच जाऊ. मे २०२४ च्या अखेरीस, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, ऐन भरात असताना, नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. छप्पन! आसपासच्या इतर काही केंद्रांवर ते ४४ च्या घरात होतं. बातमी देशभर पसरली. नागपूरच्या नातेवाइकांना इथून फोन गेले असतील, तुमच्यापैकीही काहींनी केले असतील. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की संवेदकात दोष होता. त्याच आठवड्यात, २९ मे रोजी, दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या केंद्रानं ५२.९ अंश दाखवले होते. तपासणीत तो संवेदक प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे तीन अंश जास्त दाखवतो असं निघालं.

आता या ५६ चा अर्थ बघा. पृथ्वीवर आजवर अधिकृतपणे नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान आहे ५६.७ अंश, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, १० जुलै १९१३ ला नोंदलेलं. भारताचा विक्रम राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा, ५१ अंशांचा. म्हणजे आपलं नागपूर एका दुपारी भारताचा विक्रम मागे टाकून जगाच्या विक्रमाला भिडलं होतं. ज्या विद्यार्थ्याला हे दोन आकडे माहीत आहेत तो बातमी ऐकताक्षणी थबकेल. त्याच्या मनात शंका येईल, तो शेजारची केंद्रं बघेल. ज्याला माहीत नाहीत तो ती बातमी पुढे पाठवेल. मला वर्गात पहिल्या प्रकारचे विद्यार्थी घडवायचे आहेत, एवढीच माझी धडपड आहे.

पण यंत्रच चुकतं असं समजू नका. लिबियातल्या अल अझिझिया इथे १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ अंश तापमान नोंदलं गेलं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते छापलं गेलं, माझ्या पिढीनं ते पाठ केलं. तब्बल नव्वद वर्षांनी, २०१२ साली, जागतिक हवामान संघटनेनं तो विक्रम रद्द केला. का? जुन्या नोंदवह्या काढून तज्ज्ञांनी तपासल्या. तापमापक ज्या प्रकारचा होता त्यात पाऱ्याच्या टोकाला एक बारीकशी कांडी सरकते, आणि तिचं खालचं टोक वाचायचं असतं. निरीक्षक बहुधा नवखा होता, आणि त्यानं वरचं टोक वाचलं असावं, असा निष्कर्ष निघाला. फरक सुमारे सात अंशांचा. नोंदवहीत तर आकडे चुकीच्या रकान्यात भरलेलेही सापडले. विचार करा, एक कांडी, तिचं एक टोक, आणि जगाचा भूगोल नव्वद वर्षं चुकीचा! त्या निरीक्षकाला दोष द्यायला मी तयार नाही. त्याला कुणी शेजारी बसून दाखवलंच नसेल. प्रशिक्षणाचं मोल किती, हे मला कुणी विचारलं तर मी ही हकीकत सांगते.

आपल्याकडे मोजण्याची परंपरा नाही असं काही जणांना वाटतं. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या दारात एक हात तोंडाचं कुंड पाऊस मोजायला ठेवावं असं सांगितलं आहे, आणि कोणत्या प्रदेशात किती द्रोण (हे तेव्हाचं माप) पाऊस पडतो याची यादी दिली आहे. अवंतीला तेवीस द्रोण. आणि अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणाला? तिथे त्यानं आकडाच दिलेला नाही, अमाप म्हणून सोडून दिलं आहे. जुलैत सावंतवाडीला राहिलेला कुणीही माणूस त्याच्याशी सहमत होईल. पण ते कुंड कोठाराच्याच दारात का? कारण पाऊस, पेरणी आणि सारा यांचा हिशेब एकाच ठिकाणी होत होता.

आधुनिक काळात आलो की मला केरूनाना छत्रे आठवतात. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली बांधली. १८४० च्या दशकात तिथे एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे नावाचा, विशीही न गाठलेला मुलगा सहायक म्हणून लागला. हवेच्या आणि चुंबकत्वाच्या नोंदी ठरल्या वेळी घ्यायच्या, वहीत उतरवायच्या, हे काम त्यानं जवळपास दहा वर्षं केलं. पुढे तेच पुण्यात गणित आणि सृष्टिशास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. म्हणजे मराठी मुलखातल्या एका मोठ्या विज्ञान-प्राध्यापकाची घडण कुठे झाली? व्याख्यानाच्या खोलीत नव्हे, उपकरणाच्या शेजारी, वहीसमोर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरं नाव ॲना मणी यांचं. केरळच्या, जन्म १९१८ चा. लंडनला पदार्थविज्ञान शिकायला गेल्या आणि हवामानाच्या उपकरणांत तज्ज्ञ होऊन परतल्या. १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून तिथे आलं. स्वातंत्र्याच्या वेळी साधी साधी उपकरणंही आपण परदेशातून आणत होतो. मणीबाईंनी सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रं तयार करवून घेतली, म्हणजे देशातल्या कोणत्याही कार्यशाळेत ती तशीच्या तशी बनावीत. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशी त्यांची धारणा होती. आज इथून शंभर-दोनशे किलोमीटरवर कुठल्या तरी तहसीलच्या आवारात जो पर्जन्यमापक उभा असेल, त्याच्या मागे ही सगळी मेहनत आहे.

आता पडद्याकडे येते.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि आम्ही सगळेच शिक्षक रातोरात पडद्यावर गेलो. त्यातून खूप रडगाणी ऐकू आली, त्यांतली बरीच खरी होती. पण या विषयापुरतं सांगायचं तर पडद्यानं एक मोठं दार उघडलं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे ‘कॉमेट’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम १९८९ पासून चालतो. त्यांच्या ‘मेटएड’वर हवामानाच्या उपकरणांचे विद्यापीठाच्या पातळीचे पाठ आहेत, आणि नाव-पत्ता देऊन कुणालाही ते शिकता येतात. आपल्याकडे ऑनलाइन पाठांसाठी एनपीटीईएल आहे, २०१७ पासून ‘स्वयम्’ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं तर २०२१ मध्ये ठरवलं की विद्यार्थी आपल्या श्रेयांकांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत ‘स्वयम्’वरच्या पाठांतून मिळवू शकतो. म्हणजे कुरखेड्याच्या किंवा दंतेवाड्याच्या मुलीलाही तेच पाठ, जे बोल्डरच्या मुलीला. माझ्या विद्यार्थिदशेत हे स्वप्नातही नव्हतं.

आणि पडदा काही गोष्टी वर्गापेक्षा चांगल्या शिकवतो, हे मी मोकळेपणानं सांगते. वरच्या हवेची मोजमापं घेणाऱ्या रेडिओसोंडचा हवेत सोडलेला फुगा तीस किलोमीटर वर जाईपर्यंत फुगत फुगत कसा फुटतो, ते मी फळ्यावर किती दाखवणार? चित्रफितीत ते दोन मिनिटांत दिसतं, आणि मुलगा ते पाच वेळा मागे नेऊन बघतो. कलत्या वाटीचा पर्जन्यमापक घ्या. आत सीसॉसारख्या दोन वाट्या असतात. एक भरली की कलते, रिकामी होते, दुसरी पुढे येते, आणि दर कलण्याला एक टिचकी मोजली जाते. मुसळधार पावसात वाटी कलत असतानाच वरून पाणी पडत राहतं, ते धड या वाटीत नाही, धड त्या वाटीत नाही. म्हणून जोराच्या पावसात हे यंत्र कमी मोजतं. हे सावकाश गतीत एकदा पाहिलं की जन्मभर विसरत नाही. मी शब्दांनी सांगत राहिले तर निम्मा वर्ग माना डोलावतो आणि परीक्षेत उलटं लिहितो.

मग पडदा कुठे कमी पडतो?

एक जागा अगदी जवळून दाखवते. पर्जन्यमापकातलं पाणी मोजायला काचेचं किंवा प्लॅस्टिकचं मापपात्र असतं. पाणी ओतल्यावर ते कडेला किंचित वर चढतं आणि मध्ये खोलगट राहतं. वाचायचा तो मधला खालचा भाग. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, किंवा पात्र सपाट जागी ठेवून वाकायचं. वरून बघितलं तर आकडा जास्त येतो. हे चित्रफितीत उत्तम दाखवलेलं असतं. प्रश्नमंजूषेत शंभरपैकी शंभर मुलं बरोबर उत्तर देतात. आणि हातात पात्र दिलं की त्यांतली बहुतेक ते हातात धरून, उंच करून, हलत्या पाण्यावर, अंदाजानं वाचतात. माहिती डोक्यात होती, गुडघ्यात आली नव्हती.

आणखी एक. पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ आणि मापपात्र यांची जोडी ठरलेली असते. आपल्याकडे दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाचे मापक आहेत आणि शंभरचेही. दोनशेच्या मापकात दहा मिलिमीटर पाऊस पडला तर दोनशे मिलिलिटर पाणी जमतं. ते शंभरच्या पात्रात ओतलं तर वीस मिलिमीटर दिसेल. उपकरण उत्तम, निरीक्षक प्रामाणिक, वेळ बरोबर, आणि पाऊस दुप्पट! पात्र फुटलं आणि शेजारच्या केंद्रातून दुसरं मागवलं, की असा घोळ होऊ शकतो. हे ज्यानं एकदा स्वतः करून पाहिलं, त्याचा हात पुढच्या वेळी पात्र उचलताना आपोआप थांबतो.

ओल्या तापमापकाची गोष्ट तर आपल्या छत्तीसगडच्या उन्हाळ्यासाठी मुद्दाम सांगते. स्टीव्हन्सन स्क्रीन तुम्ही पाहिली असेल, पांढऱ्या रंगाची झडपांची पेटी, दार उत्तरेला. थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याची ही कल्पना. त्या पेटीत एक तापमापक कोरडा आणि एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं. पाणी उडतं, ओला तापमापक थंड होतो, आणि दोघांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढतात. नवतप्याच्या दुपारी कोरडा ४४ आणि ओला २३ असेल तर आर्द्रता येते जेमतेम पंधरा-सोळा टक्के. आता समजा वाटीतलं पाणी आटलं आणि मलमल वाळून गेलं. मग काय होईल? दोन्ही तापमापक ४४ दाखवतील. फरक शून्य. कोष्टक म्हणेल आर्द्रता शंभर टक्के! भर मे महिन्यात रायपूरच्या हवेत कोकणातला पावसाळा. कोष्टक वापरायला संगणक शिकवू शकतो, पण मलमल बोटानं चाचपून बघायला, त्यावर क्षार चढलेत का ते बघायला, नळाऐवजी डिस्टिल्ड वॉटर घालायला माणूस लागतो. पारा आता जातो आहे, मिनामाता करारानं पारा वापरणारी उपकरणं मागे पडत आहेत आणि इलेक्ट्रॉनिक संवेदक येत आहेत. त्यांनाही देखभाल लागते. मुंगेशपूरनं ते दाखवून दिलं आहे.

मग तोडगा काय? प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजातच हा विषय शिकवायचा? तसं केलं तर गोंदियाच्या, राजनांदगावच्या, कांकेरच्या कितीतरी मुलांवर दार पुन्हा बंद होईल. मला ते मान्य नाही.

मी वेगळ्या बाजूनं विचार करू लागले. ऑनलाइन वर्गाची सगळ्यात मोठी तक्रार कोणती? की मुलं विखुरलेली असतात. एक भंडाऱ्यात, एक देवरीला, एक डोंगरगडला. पण हवामानाच्या मोजमापाला काय लागतं? विखुरलेले निरीक्षकच तर लागतात! एका आवारात साठ पर्जन्यमापक ठेवून काय कळणार? साठ गावांत एकेक ठेवला तर पावसाचा नकाशा काढता येईल. माझ्या विषयापुरतं हे विखुरलेपण ओझं नाही, ती माझी प्रयोगशाळा आहे. पडद्यावर भेटणारा माझा वर्ग निरीक्षण केंद्रांचं जाळंच आहे, फक्त त्याला उपकरणं द्यायची राहिली होती.

२६ जुलै २००५ आठवा. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. एकच शहर, वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर. नुसतं कुलाब्याचं केंद्र असतं तर त्या दिवसाच्या नोंदीत मुंबईवर काही घडलंच नव्हतं. जुलै १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात असाच प्रकार झाला. गावाच्या एका बाजूला ढगफुटीसारखा पाऊस, पाच माणसं दगावली, आणि दुसऱ्या बाजूला त्या मानानं फारच थोडा. तिथल्या विद्यापीठातले हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन यांनी दुसऱ्या वर्षी गावकऱ्यांनाच चार इंच तोंडाचे साधे प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक घेऊन रोज सकाळी नोंद करायला लावली. आज ते जाळं साऱ्या अमेरिकेत आणि बाहेरही पसरलं आहे. आणि या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण? बरंचसं ऑनलाइन. पाठ पडद्यावर, उपकरण अंगणात. मला जे हवं होतं ते हेच.

आम्ही आमच्या मुलांसाठी मापक स्वस्तात करवून घेतला. हिशेब सोपा आहे, लिहून घ्यायचा असेल तर घ्या. तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंटिमीटर ठेवला की क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर होतं. मग जमलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजायचं आणि दहानं भागायचं, तेवढे मिलिमीटर पाऊस. मोजायला औषधाच्या दुकानात मिळणारी दहा मिलिलिटरची सिरिंज चालते. एक सिरिंज म्हणजे एक मिलिमीटर. तोंडाची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर, आणि अगदी आडवी. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट तरी लांब, चौपट मिळालं तर उत्तम. वेळ सकाळी साडेआठ, कारण देशातली सगळी केंद्रं पावसाचा दिवस तेव्हाच संपवतात.

पहिल्या पावसाळ्यातच शिकवण्यासारखं इतकं हाती आलं की पाठ्यक्रम मागे पडला. गोंदियाकडच्या एका मुलीचा पाऊस सगळ्यांपेक्षा दीडपट, दुप्पट येई. आकडे प्रामाणिक, फोटो रोजचे. व्हिडिओवर मी तिला म्हटलं, फोन जरा वर फिरव बेटा. वर कौलांची वळचण. अंगणात कोंबड्या मापक पाडतात म्हणून तिनं तो भिंतीलगत सरकवला होता, आणि पागोळ्या थेट त्यात पडत होत्या. तिनं तो अंगणाच्या मधोमध नेला, भोवती काट्यांचं कुंपण केलं, आणि पुढच्या वर्गात बाकीच्या मुलांना जागा कशी निवडायची यावर तीच बोलली. इतकं चांगलं मी बोलले नसते.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. काही मुलं घरी बसून आकडे रचतात. हे ओळखायचं कसं? खरा पाऊस ३.२ पडतो, १७.६ पडतो, ०.४ पडतो. रचलेला पाऊस पाच, दहा, पंधरा, वीस असा पडतो. शेवटच्या आकड्यात शून्य आणि पाच यांचीच गर्दी दिसली की मी नाव न घेता तो आलेख पडद्यावर ठेवते आणि वर्गाला विचारते, याबद्दल काय वाटतं? मुलंच ओळखतात. मग मी सांगते की घाईत असलेला प्रामाणिक निरीक्षकही असंच करतो, जवळच्या गोल आकड्याकडे ओढला जातो, म्हणून हवामानतज्ज्ञ जुन्या नोंदी तपासताना शेवटच्या आकड्यांची ही परीक्षा घेतात. शिक्षा न करता त्यातून धडा निघतो.

आणि शून्य! पाऊस पडला नाही त्या दिवशी मुलं रकाना रिकामा सोडतात. ‘मॅडम, पडलाच नाही, तर लिहायचं काय?’ पण रिकाम्या रकान्याचा अर्थ काय घ्यायचा? पाऊस नव्हता, की तू नव्हतीस? वर्षअखेर बेरीज करणाऱ्याला हे कसं कळणार? पडला नाही तर शून्य लिहायचं. बघितलं नाही तर ‘नोंद नाही’ लिहायचं. या दोन्हींमधला फरक ज्या मुलाला कळला त्याला मोजमापशास्त्राचा गाभा कळला, असं मी मानते, आणि त्यावर परीक्षेत प्रश्न असतोच.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न इथल्या एखाद्या शेतकरी भावाच्या मनात असेल. महाराष्ट्रात ‘महावेध’ योजनेत महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, दोन हजारांहून जास्त. फळपिकांच्या हवामान-आधारित विम्याचा पैसा अशा केंद्रांच्या आकड्यांवर ठरतो. केंद्राजवळ झाड वाढलं, वाटीत पानं अडकली, कोळ्यानं जाळं विणलं, तर कुणाच्या तरी बागेचा पाऊस कागदावर बदलतो आणि त्याबरोबर त्याचे पैसेही. त्या शेतकऱ्याच्या मुलीला जर यंत्राकडे बोट दाखवून विचारता आलं, ‘हे शेवटचं कधी तपासलं?’, तर विद्यापीठानं तिला काहीतरी दिलं असं मी म्हणेन. धानाच्या या मुलखात तर हे आणखीच लागू आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, लाभांडीला त्यांची वेधशाळा आहे. रायपूरचं हवामान केंद्र नागपूरच्या प्रादेशिक केंद्राच्या कक्षेत येतं, म्हणजे विदर्भ आणि छत्तीसगड यांचं आभाळ खात्याच्या दफ्तरात आजही एकत्रच आहे. तज्ज्ञ दूर नाहीत.

विद्यापीठांकडे माझं एकच मागणं आहे, आणि ते श्रेयांकांपुरतं आहे. ऑनलाइन पाठाची परीक्षा पर्यायी प्रश्नांवर संपवू नका. निम्मे गुण एका ऋतूच्या वहीला द्या. वही म्हणजे रोजची नोंद, जागेचा नकाशा, आणि शेजारच्या केंद्राशी तुलना करून लिहिलेलं एक पान: माझा आकडा वेगळा का आला? या पानाची नक्कल करता येत नाही.

आता रुआबांध्याचं. तुमचं इथलं पाणी येतं तांदुल्याहून, १९२१ साली बांधलेल्या धरणातून, मरोद्याच्या जलाशयात. तिथे पाऊस किती पडतो हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. इथून जवळच नेवईला तांत्रिक विद्यापीठ आहे, कुटेलाभाट्याला आयआयटी आहे. या सभागृहात बसलेल्या निवृत्त मंडळींना कॅलिब्रेशन शिकवायला मी नको, उलट तुम्ही माझ्या मुलांना शिकवू शकता. संयोजकांशी बोलून मी दहा मापक बरोबर आणले आहेत. मृग लागायच्या आत ते दहा घरी बसावेत अशी माझी इच्छा आहे. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या अंगणात झाडं दाट आहेत हे मी येताना पाहिलं. आंब्याखाली, पेरूखाली चालणार नाही. गच्चीवर ठेवायचा मोह होईल, पण तिथे वारा जास्त, थेंब बाजूला उडून जातात आणि पाऊस कमी मोजला जातो. सेक्टरातलं उघडं मैदान सगळ्यात बरं, पण तिथे चेंडू लागणार, तेव्हा मुलांनाच राखणदार करा.

ज्यांना मापक घ्यायचा आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर डावीकडच्या टेबलाशी यावं. तिथे माझे दोन विद्यार्थी बसले आहेत, ते तुमच्याकडून पाणी ओतून घेतील आणि आकडा वाचून घेतील. वाचताना खाली बसावं लागेल, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं आहे. आणि प्रश्न असतील तर आत्ता विचारा, मी थांबले आहे.